क्रोशाची टांगती कुंडी लोंबते, कलते किंवा फिरते : दोष कोठे शोधावा

क्रोशाने विणलेल्या टांगत्या कुंडीबद्दलच्या तक्रारी माझ्याकडे सहसा ठरावीक वाक्यांतच येतात. टांगली तेव्हा खिडकीच्या मधल्या गजाशी असलेली कुंडी महिन्याभरात चार बोटे खाली आली. कुंडी एका बाजूला कलली असून पाणी घातले की ते त्याच बाजूने ओघळते. कुंडी स्वतःभोवती संथपणे फिरते आणि पट्ट्यांना एकमेकांचा पीळ बसतो. तळाच्या मधोमध पूर्वी नसलेले भोक पडले आहे व त्यातून कुंडीचे बूड दिसते. पट्टा जेथे काठाला जोडला आहे तेथे विणकाम चोचीसारखे वर ओढले गेले आहे. तळाला काळे ठिपके पडले असून कुबट वास येतो. आणि क्वचितच कोणी बोलून दाखवते अशी, परंतु सर्वांत गंभीर तक्रार म्हणजे छताच्या हुकाखाली पांढरी भुकटी पडलेली दिसते.

ही शेवटची तक्रार असेल तर पुढचे काहीही वाचण्याआधी कुंडी उतरवून जमिनीवर ठेवावी आणि थेट या लेखाच्या अखेरच्या भागाकडे जावे. बाकीच्या तक्रारींसाठी घाई नाही.

मी डोंबिवलीत राहते. आमच्या गॅलरीला पश्चिमेचे ऊन आणि जून ते सप्टेंबर पावसाची झड अशी दोन्ही मिळतात, त्यामुळे धाग्याचे जे काही व्हायचे ते येथे लवकर होते. अनेक वर्षे मी अशा कुंड्या विणते आहे, आणि विणते त्यापेक्षा अधिक दुरुस्त करते. एवढ्या दुरुस्त्यांनंतर माझे मत असे झाले आहे की या तक्रारी दिसायला वेगवेगळ्या असल्या तरी त्यांतील बहुतेकींचे मूळ एकच आहे : ज्या टाक्यांनी कुंडीला नुसते वेढायचे, त्या टाक्यांवरच आपण तिचा सगळा भार टाकतो. तरीही तो मोठा बदल हाती घेण्यापूर्वी सोप्या आणि फुकटच्या तपासण्या करून पाहाव्यात, कारण कित्येकदा तेवढ्यावरच काम भागते.

पुढील मजकुरात वरच्या वर्तुळाला कडी, तेथून खाली येणाऱ्या भागांना पट्टे, कुंडी बसते त्या भागाला झोळी, झोळीच्या वरच्या कडेला काठ आणि खालच्या गोलाला तळ म्हटले आहे. हूक हा शब्द छताच्या हुकासाठी राखून ठेवला असून विणण्याच्या हत्याराला सुईच म्हटले आहे. ‘हूक बदलून पाहा’ या माझ्या सल्ल्यावर एका बाईंनी छताला नवे भोक पाडून घेतले होते, तेव्हापासून मी शब्दांबाबत सावध असते.

सर्वांत आधी तराजू

स्वयंपाकघरातील तराजूवर कुंडी, झोळीतून बाहेर काढून, कोरडी असताना तोलावी. नंतर तिला भरपूर पाणी घालावे आणि बुडाच्या भोकांतून थेंब पडणे थांबल्यावर पुन्हा तोलावी. माती, गांडूळखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समभाग घालून मनी प्लांट लावलेली माझ्याकडची चार इंची प्लास्टिकची कुंडी कोरडी असताना ३९० ग्रॅम भरली आणि पाणी दिल्यानंतर ६१० ग्रॅम. सुती झोळी पट्ट्यांसकट ९० ग्रॅमची होती. ती पुरती भिजली तेव्हा १८० ग्रॅमच्या आसपास गेली. म्हणजे टांगताना अर्ध्या किलोच्या आत असलेली वस्तू पाणी दिल्यावर पाऊण किलोच्या पुढे जाते, आणि आपण मात्र पट्ट्यांची लांबी कोरड्या कुंडीवर बेतलेली असते. पाच इंची मातीची कुंडी असेल तर हाच आकडा सहज दीड किलोपर्यंत पोहोचतो.

ही तपासणी पहिली ठेवण्याचे कारण एवढेच की वजन ठाऊक नसताना बाकीच्या तपासण्यांचा अर्थ लावता येत नाही. मी स्वतःसाठी दोन मर्यादा ठरवल्या आहेत. ओल्या कुंडीचे वजन एक किलोच्या आत असेल तर नीट विणलेले क्रोशाचे पट्टे चालतात. एक ते दोन किलोच्या दरम्यान असेल तर भार दोरीनेच घ्यावा लागतो, ज्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे. आणि दोन किलोच्या वर असेल तर क्रोशाचा नाद सोडून ती कुंडी साखळीच्या स्टँडवर किंवा सरळ कट्ट्यावर ठेवावी.

वजन जास्त निघाल्यास उपाय स्वस्त आहेत. मातीच्या कुंडीऐवजी पातळ प्लास्टिकची कुंडी घ्यावी, मिश्रणातील मातीचे प्रमाण कमी करावे, आणि पाणी देताना कुंडी झोळीतून काढून मोरीत ठेवावी व वीस मिनिटे निथळल्यावरच परत बसवावी. गळती नको म्हणून झोळीत आतून भोक नसलेला डबा बसवण्याची पद्धत मला मुळीच पसंत नाही. त्या डब्यात पेलाभर पाणी साठले तरी २०० ग्रॅम वजन वाढते, ते कोणाला दिसत नाही, आणि झाडाची मुळे त्यात कुजतात ते वेगळेच.

कलण्याचा दोष झाडाचा की पट्ट्यांचा

कुंडी कलत असेल तर मोजपट्टी शोधण्याआधी एक परीक्षा करावी. ज्या बाजूला कुंडी झुकली आहे तिकडच्या पट्ट्याला लाल धागा बांधावा. मग झोळी जशीच्या तशी ठेवून फक्त आतील कुंडी अर्ध्या फेऱ्याने फिरवावी, म्हणजे झाडाची खिडकीकडची बाजू भिंतीकडे येईल. आता कल लाल धाग्याच्या बाजूने हलून समोरच्या बाजूला गेला तर दोष झाडात आहे. कल लाल धाग्याशीच राहिला तर दोष पट्ट्यांत आहे. कल कमी झाला पण पुरता गेला नाही, तर दोन्हींचा थोडा-थोडा वाटा आहे असे समजावे.

झाडात दोष म्हणजे काय, तर घरातील झाड उजेडाकडे वाढते. मनी प्लांटच्या दोन-तीन वेली खिडकीच्या दिशेने फूटभर लांबल्या की त्या पानांचे वजन लहान कुंडीच्या एकाच बाजूला पडते. स्पायडर प्लांटची पिल्ले एका बाजूला लोंबू लागली की तेच होते. दर आठवड्याला कुंडी पाव फेरा फिरवावी आणि लांबलेली एखादी वेल उलट्या बाजूच्या पट्ट्यावर अलगद टाकून द्यावी. येथे सुई हातात घेण्याची गरजच नाही.

कुंडीला नुसता धक्का लागला तरी ती झोळीतून बाहेर झुकत असेल तर झोळीची उंची पाहावी. काठ कुंडीच्या उंचीच्या किमान दोन तृतीयांश वर आला पाहिजे. त्याहून खाली असेल तर माती आणि पाने यांचे बरेचसे वजन काठाच्या वर राहते आणि कुंडी उलटण्याची वाट पाहत बसते. दोन-तीन फेऱ्या वाढवल्या की हा दोष जातो.

पट्टे : मोजावे ते भाराखाली

दोष पट्ट्यांत आहे असे ठरले की मोजमाप आले, आणि ते नेमके कधी घ्यायचे यावर सगळे अवलंबून आहे. गेल्या जुलैत शेजारच्या काकू आपली कुंडी घेऊन आल्या. ‘अगं, काल रात्री सरळ होती, सकाळी पाहते तर हिने मान टाकलेली! आणि साठ-साठ साखळ्या मोजून घातल्यात मी, एकही कमीजास्त नाही.’ आम्ही झोळी टेबलावर पसरून टेप लावला तर तिन्ही पट्टे ३८ सेंटिमीटरच्या आगेमागे निघाले. काकूंचा चेहरा खुलला. मग तीच झोळी ओल्या कुंडीसह दाराच्या वरच्या कडीला टांगून पुन्हा मोजले, तेव्हा दोन पट्टे ४१ सेंटिमीटर आणि तिसरा ४४.५ सेंटिमीटर भरला. हा तिसरा पट्टा मालिका पाहता पाहता विणला होता हे काकूंनी स्वतःच कबूल केले. त्या पट्ट्यावर हात सैल पडला होता. त्याचे टाके संख्येने तितकेच, पण प्रत्येक टाक्यात धागा जास्त होता.

साखळी म्हणजे एका फासातून ओढून काढलेला दुसरा फास. भार आला की प्रत्येक फास अरुंद आणि लांब होतो, आणि फासात जितका धागा तितके हे लांबणे जास्त. म्हणून टाके मोजून पट्टे सारखे होतात हा समज सोडून द्यावा आणि लांबी नेहमी पूर्ण ओल्या कुंडीच्या भाराखाली, किमान एक रात्र टांगून ठेवल्यानंतर मोजावी.

दुरुस्ती कडीपाशी करावी, काठापाशी नव्हे. कुंडीच्या तोंडावर फूटपट्टी आडवी ठेवून तिच्यावर मोबाइलमधील पातळी पाहण्याचे साधन ठेवावे, लांबलेल्या पट्ट्याची कडीवरची गाठ सोडून तो हळूहळू वर घ्यावा, आणि पातळी आल्यावर गाठ पक्की करावी. एक पट्टा तात्पुरता सोडायचा असल्याने दुसऱ्या कोणाला तरी कुंडी खालून धरायला सांगावे.

पट्टे सारखे केल्यानंतरही ते पुन्हा लांबत असतील तर त्यांची वीण घट्ट करावी लागेल. त्यासाठी पट्टा उसवण्याची गरज नाही. त्याच धाग्याने पट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मधोमध, स्लिप टाक्यांची (धागा थेट सुईवरच्या फासातून ओढून घेतलेल्या, उंची न वाढवणाऱ्या टाक्यांची) एक सलग ओळ घट्ट हाताने घालत जावी. ही ओळ पट्ट्याच्या कण्यासारखी राहते आणि लांबणे बरेच कमी होते. नवीन पट्टा विणायचा असेल तर आखूड आडव्या ओळी एकावर एक चढवत नेण्यापेक्षा पट्ट्याच्या पूर्ण लांबीची साखळी घालून तिच्यावर लांबीभर सिंगल क्रोशाची, म्हणजे आखूड साध्या टाक्यांची, ओळ विणावी. आणि खांबाचे उंच टाके पट्ट्यात कधीही घालू नयेत. ते भराभर होतात म्हणून मोह पडतो, पण तितक्याच भराभर ताणलेही जातात.

पट्टे तीन असावेत की चार, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि माझे उत्तर नेहमी तीन हेच असते. तिवई कितीही उंचसखल जमिनीवर डगमगत नाही, चार पायांचे स्टूल मात्र डगमगते. त्याचप्रमाणे तीन पट्टे थोडे कमीजास्त असले तरी तिन्ही ताणलेले राहतात, पण चारांपैकी एक किंचित जरी लांब असला तरी तो ढिला पडतो आणि त्याच्या वाट्याचा भार इतरांवर जातो. चार पट्ट्यांची कुंडी दिसते सुबक, हे मान्य आहे. दुरुस्तीला येतात त्यांत तिचीच संख्या जास्त, हेही तितकेच खरे.

पट्टे फार आखूड असले तर ते तंबूच्या दोऱ्यांसारखे पसरतात. उभ्या रेषेपासून ६० अंश पसरलेल्या पट्ट्यावर सरळ लोंबणाऱ्या पट्ट्याच्या दुप्पट ताण येतो, शिवाय काठ आतल्या बाजूला ओढला जाऊन झाडाची पाने चेमटतात. कुंडीच्या तोंडाच्या व्यासाच्या तिप्पट लांबी ठेवली की ही अडचण उद्भवत नाही.

स्वतःभोवती फिरणाऱ्या कुंडीचे कारण बहुधा दोरीचा पीळ असते. एकाच दिशेने पिळलेली मॅक्रमेची (गाठींच्या विणकामाची) दोरी भार पडताच उलगडू लागते आणि कुंडी तिच्याबरोबर फिरते. वेणीसारखी विणलेली दोरी घेतली की फिरणे थांबते.

काठ आणि तळ

काठ चोचीसारखा वर आला असेल तर पट्टा कोठून उचलला आहे ते जवळून पाहावे. काठावरच्या टाक्याला वरून पाहिले असता त्याचे दोन धागे इंग्रजी व्हीसारखे दिसतात. घाईत यांपैकी एकाच धाग्यातून सुई गेलेली असते, आणि त्या एका धाग्यावर कुंडीचा तिसरा हिस्सा लोंबत असतो. पट्टा दोन्ही धाग्यांखालून, आणि शक्य असेल तर काठाच्या दोन फेऱ्या खालून, तीन-चार शेजारच्या टाक्यांत वाटून उचलावा. त्याआधी काठाला स्लिप टाक्यांची एक घट्ट फेरी घातली तर काठ फाकत नाही.

पट्ट्यांच्या जागा नजरेने ठरवू नयेत. उजव्या हाताने गोल-गोल विणताना सिंगल क्रोशाचे टाके फेरीगणिक उजवीकडे सरकतात, त्यामुळे तळापासून वर एकाच टाक्याचा मागोवा घेत गेलात तर काठावर भलत्याच जागी पोहोचाल. काठावरचे टाके मोजून तीन समान भाग पाडावेत. हा हिशेब सोपा पडतो, कारण सिंगल क्रोशाचा सपाट गोल सहा टाक्यांनी सुरू होतो आणि प्रत्येक फेरीत सहाच टाके वाढतात : ६, १२, १८, २४, ३०, ३६. यांतील कोणत्याही फेरीवर वाढ थांबवली तरी संख्येला तीनने भाग जातोच. चारने जाईलच असे नाही.

वाढ कोठे थांबवावी हे फेऱ्या मोजून नव्हे, तर तळ कुंडीच्या बुडाला लावून ठरवावे. तळाचा गोल बुडापेक्षा अर्धा सेंटिमीटर लहान असतानाच वाढ थांबवून सरळ फेऱ्या सुरू कराव्यात, कारण उरलेला अर्धा सेंटिमीटर भार आपणहून भरून काढतो. तळ बुडाएवढाच किंवा त्याहून मोठा विणला तर तो लोंबून त्याची वाटी होते आणि कुंडी तिच्यात तिरकी बसते.

तळाच्या मधोमध भोक पडले असेल तर पहिल्या फेरीच्या ओढफासाचे (ज्यावर विणकाम सुरू होते त्या ओढून आवळायच्या फासाचे) शेपूट सुटत चालले आहे असे समजावे. हे शेपूट बोटभरच ठेवून कापलेले असते आणि धुताना किंवा ताणाने हळूहळू आत सरकते. बोथट टोकाच्या, मोठ्या नेढ्याच्या शिवणाच्या सुईत त्याच रंगाचा हातभर धागा ओवावा, पहिल्या फेरीच्या सहाही टाक्यांच्या बुंध्यांतून गोल फिरवून घट्ट ओढावा, पुन्हा एक फेरा घालावा, मग दिशा उलटी करून तिसरा फेरा घालावा आणि गाठ मारावी. दिशा उलटी केल्याने धागा मागे सरकू शकत नाही.

भरल्या झोळीच्या तळाला दोन टाक्यांच्या मधून करंगळी आत जात असेल तर वीणच सैल आहे. अशा वेळी दुरुस्तीत वेळ घालवू नये. सुई बदलून झोळी पुन्हा विणावी. ज्या धाग्यासाठी एरवी ४ मिलिमीटरची सुई वापरली असती त्याच्यासाठी ३ किंवा ३.५ मिलिमीटरची घ्यावी. बोटे दुखतात, हे खरे आहे.

धागा ओळखणे

येथपर्यंत सर्व ठीक असूनही कुंडी उतरतच असेल तर धाग्यावर संशय घ्यावा. वेष्टन केव्हाच फेकून दिलेले असल्याने तो कोणता हे बहुतेकांना सांगता येत नाही. उरलेल्या धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून, मोरीत स्टीलच्या ताटलीवर, काडीने पेटवून पाहावा. सूत कागदासारखे जळते, तसाच वास येतो आणि मऊ राखाडी राख उरते. ॲक्रिलिक वितळते आणि विझल्यावर काळा कडक मणी उरतो. ॲक्रिलिक कुजत नाही, हलके असते, रंगही छान मिळतात. परंतु सतत भाराखाली, विशेषतः उन्हात, ते हळूहळू लांबते आणि पुन्हा आखडत नाही. झोळीसाठी ते वापरायला हरकत नाही, पट्ट्यांसाठी वापरू नये. टी-शर्टच्या कापडाचा धागा तर मुळात ताणण्यासाठीच असतो, त्याचे पट्टे करणे म्हणजे कुंडीला रबरबँडने टांगणे.

व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला चमकदार धागा, हेही कागदासारखेच जळते, म्हणून चमकदार धाग्याच्या बाबतीत दुसरी परीक्षा लागते. वीतभर लांबीचे दोन तुकडे कापावेत, एक पाण्यात भिजवावा, दोन्ही हातांनी झटका देऊन तोडून पाहावेत. भिजलेला तुकडा कोरड्यापेक्षा सहज तुटला तर तो व्हिस्कोस असण्याची दाट शक्यता आहे; भिजल्यावर व्हिस्कोसची ताकद निम्म्याच्या जवळपास येते. सूत याच्या उलट वागते, ओले झाल्यावर ते किंचित अधिक बळकट होते. दुकानात सिल्क धागा म्हणून मिळणाऱ्या गोंडस लडीबद्दल ही परीक्षा अवश्य करावी. सुतळी दिसायला देखणी असली तरी पाण्याने कमजोर होते आणि कुजतेही लवकर. तिच्या तुलनेत नारळाच्या काथ्याचा सुंभ ओल पुष्कळ सोसतो, मात्र तो बोटांना टोचतो आणि सुईवर सरळ बसत नाही.

सूत बळकट असले तरी सतत ओले राहिल्यास बुरशी त्याला खाते. काळे ठिपके दिसल्यास तळाचा एक टाका चिमटीत धरून जोराने पिळावा. बोटांना तंतूंची भुकटी लागली किंवा धागा मऊ तुटला, तर थांबावे. कुजलेल्या तळाला ठिगळ लावून उपयोग नसतो, कारण ठिगळाचे टाके शेवटी कुजलेल्या धाग्यातच अडकवावे लागतात. ब्लीचने डाग जातील, पण त्याने सूत आणखी कमजोर होईल. धागा शाबूत असेल तर साबणाने धुऊन, कडक उन्हात वाळवून, पावसाळ्यापुरती कुंडी झोळीबाहेर ठेवावी.

कायमची दुरुस्ती : शिंक्याची रीत

आता मूळ मुद्द्याकडे. दूधदुभते मांजरापासून वाचवण्यासाठी आपल्याकडे घराघरांत शिंकी असत. शिंके नीट आठवून पाहिले तर लक्षात येईल की त्याची दोरी मडक्याच्या गळ्याला बांधलेली नसते; ती मडक्याच्या बुडाखालून येते, कुशीवरून वर जाते आणि आढ्याला पोहोचते. मडके दोरीला लोंबत नाही, दोरीवर बसते. क्रोशाच्या कुंडीत आपण नेमके उलटे करतो : पट्टे काठापाशी संपवतो आणि तेथून खालचा सगळा भार टाक्यांच्या हवाली करतो. मग शिंके तुटून बोक्याचे फावते तसे येथे झाडूवाल्या बाईंचे काम वाढते.

दुरुस्ती जुन्या झोळीवरही करता येते. तीन मिलिमीटर जाडीची, वेणीसारखी विणलेली सुती किंवा पॉलिस्टरची दोरी साडेचार मीटर घ्यावी. गॅलरीत ऊन-पाऊस लागत असेल तर पॉलिस्टरचीच. तिचे दीड-दीड मीटरचे तीन तुकडे करावेत. अडीच-तीन सेंटिमीटर व्यासाची, जोड नसलेली स्टेनलेस स्टीलची छोटी कडी घ्यावी. किल्ल्यांची कडी मुळीच घेऊ नये, कारण दोरी तिच्या वेढ्यांतून वाट काढत बाहेर येते. प्रत्येक तुकडा मधोमध दुमडून त्याचा फास कडीतून घालावा आणि दोन्ही टोके त्या फासातून ओढून घ्यावीत. ही कडी झोळीच्या तळाखाली, बाहेरून, बरोबर मध्यावर येईल. तेथून प्रत्येक दुहेरी दोरी काठावर मोजून ठरवलेल्या तीन जागांकडे न्यावी, आणि वाटेत दर दोन फेऱ्यांनी टाक्यांमधून एकदा आत, एकदा बाहेर अशी ओवत जावी. दोरी ताणून ओवू नये, ती टाक्यांतून मोकळी सरकली पाहिजे; तरच भार दोरीवर राहतो आणि झोळी फक्त दोऱ्यांना जागेवर धरून ठेवते. वरची सहाही टोके मुख्य कडीतून घेऊन, पातळी पाहून, गाठीने बांधावीत. जुने पट्टे काढून टाकावेत किंवा शोभेपुरते ढिले राहू द्यावेत.

झाड परत बसवण्यापूर्वी कस पाहावा. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते, त्यामुळे वजनांची गरज नाही. ओल्या कुंडीच्या दुप्पट वजन होईल इतके पाणी बाटल्यांत भरावे, बाटल्या झोळीत ठेवून ती गादीपासून हातभर उंचीवर टांगावी, कडीपासून काठापर्यंतची लांबी लिहून ठेवावी आणि चोवीस तासांनी पुन्हा मोजावी. पहिल्या रात्री गाठी आवळल्याने एखादा सेंटिमीटर उतरेल, ते चालेल. दुसऱ्या रात्रीही तितकीच उतरली तर गाठ सरकते आहे; ती सोडून पुन्हा बांधावी.

हूक, आणि कोठे थांबावे

हुकाची पाहणी सोपी आहे, दुरुस्ती आपली नव्हे. कुंडी उतरवून हूक बोटांनी हलवून पाहावा. तो फिरत किंवा डुलत असेल, त्याच्याखाली सुरुवातीला सांगितलेली पांढरी भुकटी पडत असेल, त्याच्याभोवती चीर, गंजाचा तांबूस डाग किंवा ओल असेल, अथवा शेजारच्या गिलाव्यावर बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर तो हूक त्या दिवसापासून वापरू नये. आमच्याकडच्या जुन्या इमारतींत स्लॅबमधील सळया गंजलेल्या असणे नवलाचे नाही. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो आतून काँक्रीट फोडतो आणि हूक त्या फुटलेल्या पापुद्र्यात अडकलेला असतो. अशा ठिकाणी मोठा स्क्रू बसवून काही साधत नाही. सोसायटीला लेखी कळवावे आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला पाहू द्यावे. प्रश्न कुंडीचा राहिलेला नसतो.

स्लॅब निरोगी असेल आणि फक्त नवा हूक हवा असेल तर मिस्त्रीला बोलवावे. पंखा किंवा दिव्याच्या जवळ भोक पाडायचे असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला विचारावे, कारण वायरींचे पाइप स्लॅबमधून नेमके त्याच भागात जातात. पंख्याच्या हुकाला कुंडी अडकवू नये. जिप्सम किंवा पीओपीच्या फॉल्स सीलिंगला काहीही टांगू नये, ते स्वतःच टांगलेले असते. कोकणातल्या घरात लाकडी वाशाला स्क्रूचा हूक छान बसतो, मात्र वाळवीची भुसी दिसते का ते आधी पाहावे. खिडकीच्या ग्रिलला एस आकाराचा हूक लावल्यास पकडीने त्याचे तोंड मिटवावे. ग्रिलच्या बाहेर, रस्त्यावर किंवा खालच्या मजल्याच्या गॅलरीवर येईल अशी कुंडी कितीही चांगली विणलेली असली तरी टांगू नये. पाळणा, पलंगाची उशाकडची बाजू आणि गॅसची शेगडी यांच्या वरच्या जागाही मी याच यादीत धरते.

मिस्त्री आलाच आहे तर नवे भोक भिंतीपासून तीस सेंटिमीटर आत घ्यायला सांगावे. भिंतीला घासणारी झोळी एका बाजूने झिजते आणि त्या बाजूला हवा न लागल्याने ओलही टिकते. हूक बसला की पहिल्या दिवशी त्याला पाण्याची बाटली टांगावी, झाड दुसऱ्या दिवशी.